पहिल्या पानाच्या रांगेत हेमराजभाऊ

आमच्या आणि हेमराजभाऊंच्या घरामध्ये एक निरगुडीचं कुंपण आहे, तेही नावालाच. त्यांच्याकडे काय शिजतंय ते माझ्या बायकोला, सुनिताला, वासावरून कळतं आणि काय बिनसलंय ते मला आवाजावरून. तेव्हा पुढे जे सांगतोय ते ऐकीव नाही. थोडं मीठ माझं असेल, पण डाळ त्यांचीच.

हेमराज वारघडे एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक होते. एकतीस वर्षं. बाहेरून पत्र आलं की शिक्का, क्रमांक, तारीख आणि नोंद. बाहेर गेलं की पुन्हा तेच. सवय इतकी हाडात मुरली की घरात तांदूळ आले तरी पोत्यावर तारीख पडायची. बढतीच्या यादीत त्यांचं नाव नऊ वर्षं तिसरं होतं. वरचे दोघं हलले नाहीत आणि भाऊंचं वय थांबलं नाही. गेल्या वर्षी मे महिन्याच्या एकतीस तारखेला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन ते घरी आले.

त्यांचं घर जव्हारात, पर्यटक बघायला येतात त्या शिरपामाळला जाणाऱ्या रस्त्यावर. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. त्या मुलासाठी बांधल्या होत्या, पण नितीन ठाण्याला नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. निवृत्तीनंतर भाऊ अंगणात खुर्ची टाकून बसू लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजू लागले. दर रविवारी पाच-सहा गाड्या थांबायच्या. कुणी रस्ता विचारायचं, कुणी चहा, कुणी हळू आवाजात संडास. तिसऱ्या रविवारी भाऊंना कल्पना सुचली: वरच्या खोल्या पर्यटकांना द्यायच्या.

अडचण एकच होती. त्याच खोल्यांवर जयश्रीवहिनींचा डोळा होता. वहिनींचा बचत गट नाचणीची बिस्किटं करतो. साखरशेत गावच्या बायका नाचणी आणून देतात आणि वहिनी स्वयंपाकघरात भाजतात. भट्टी मोठी घ्यायची तर जागा हवी, कोरडी आणि हवेशीर. वरच्या दोन खोल्यांसारखी.

आठ दिवस आमच्या घरी टीव्ही लावायची गरज पडली नाही. मग वहिनींनी अट घातली: गुढीपाडव्यापर्यंत एक तरी माणूस येऊन राहिला, तर खोल्या भाऊंच्या. नाहीतर पाडव्याला भट्टी वर चढणार. भाऊ लगेच हो म्हणाले. तेव्हा वहिनींनी पुढचं वाक्य टाकलं, की तो माणूस वेबसाइटवरून आलेला पाहिजे, कारण वांगणीचे चुलतभाऊ आणून पर्यटक म्हणून बसवायला हा माणूस कमी करणार नाही. भाऊंच्या चेहऱ्यावरून दिसलं, की त्यांच्या डोक्यात नेमके तेच होते.

अट तोंडी नको, असं भाऊंचंच म्हणणं पडलं. दोन प्रती झाल्या, दोघांच्या सह्या झाल्या आणि साक्षीदार म्हणून मला कुंपणाच्या या बाजूने सही करायला लावली. मी वाचून सही केली. फुकटचा तमाशा पुढच्या रांगेतून बघायला मिळणार असेल तर सहीला कोण नाही म्हणतं?

वेबसाइट केली हर्षालीने. ही भाऊंची पुतणी, नाशिकला अशाच कामाच्या एका कंपनीत आहे. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन आटपून सगळे भाऊंच्या ओटीवर जमलो. लॅपटॉपला हळदकुंकू लागलं. नारळ फोडताना पाणी बटणांवर उडालं आणि उद्घाटन अर्धा तास पुढे गेलं, कारण हर्षाली आपल्या ओढणीने लॅपटॉप पुसत बसली होती. शेवटी पडदा उजळला. वर मोठ्या अक्षरात ‘हेमराज निवास’ आणि खाली भाऊंनी स्वतः लिहिलेला मजकूर:

‘विषय: जव्हार येथे पर्यटकांस निवासाची सोय उपलब्ध करून देणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, शिरपामाळ मार्गावर दोन खोल्या उपलब्ध आहेत. तरी इच्छुकांनी संपर्क साधावा, ही विनंती.’

हर्षाली आधीच म्हणाली होती की काका, असं कोण शोधतं? भाऊंचं उत्तर होतं, की शोधणाऱ्यानेही जरा नीट शोधावं.

मग त्यांनी विचारलं, “आता गुगलच्या पहिल्या पानावर कधी?”

“सहा महिने तरी धरा, काका,” हर्षाली म्हणाली. “कधी वर्षही जातं. आधी त्यांचं यंत्र पान वाचणार. मग लोक काय विचारतात त्याच्याशी ते जुळतंय का बघणार. आलेली माणसं वाचत थांबतात की लगेच पळतात, दुसरं कुणी तुमचं नाव घेतं का, हेही बघणार. दर आठवड्याला काहीतरी नवं लिहीत राहा, म्हणजे पान जिवंत आहे हे कळेल.”

एवढ्या सगळ्यातून भाऊंनी टिपून घेतलं ते ‘सहा महिने’. वहीत तारीखही मांडली: १५ फेब्रुवारी.

दुसऱ्या दिवशीपासून नोंद सुरू झाली. सकाळी चहा, मग फोनवर शोध, मग वही. ‘दि. १६ ऑगस्ट. आढळ नाही.’ सप्टेंबरात अकराव्या पानावर सातवा क्रमांक सापडला, तेव्हा त्यांनी मला हाक मारून तो दाखवला. मी विचारलं, अकराव्या पानापर्यंत कोण जातं हो भाऊ? ते म्हणाले, “मी गेलो ना.”

आणि मग त्यांनी मला सगळी यंत्रणा समजावून सांगितली. त्यांच्या मते ही सरळ सेवाज्येष्ठता यादी होती. जो आधी लागला तो वर, नंतर लागला तो खाली. वरचे निवृत्त झाले की खालचे सरकतात. आपण फक्त हजेरी चुकवायची नाही. मी विचारलं, मग सगळ्यात वर जे ‘जाहिरात’ लिहिलेले आहेत ते? हर्षालीने त्यांना सांगितलं होतं की ते पैसे भरून बसतात. भाऊ म्हणाले, ते प्रतिनियुक्तीवर आलेले, त्यांना यादीत धरत नाहीत.

ऑक्टोबरात एक लॉज तिसऱ्यावरून एकदम नवव्यावर घसरला. भाऊंना दिवसभर हळहळ वाटली. “निलंबन दिसतंय. काहीतरी गैरवर्तन असणार.” त्याच आठवड्यात कालपरवा उघडलेलं कुठलंसं रिसॉर्ट थेट दुसऱ्या क्रमांकावर आलं, तेव्हा मात्र भाऊ दुपारी जेवले नाहीत. इथेही वशिला चालतो, हे त्यांना अपेक्षित नव्हतं.

त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, आळीतल्या सगळ्यांनी रोज तुमचं नाव शोधून उघडलं तर वर येईल म्हणतात. म्हणत कुणीच नव्हतं, मीच म्हणालो होतो. पण भाऊंनी पंधरा घरांची पाळी लावली. सोमवारी कोंडीकाकू, मंगळवारी रोहिदास गिरणीवाला, बुधवारी आम्ही. कोंडीकाकूंना वाचता येत नाही, त्या फोन घेऊन भाऊंकडेच यायच्या आणि भाऊ त्यांच्या फोनवर आपलं पान उघडून द्यायचे. महिनाभराने भाऊंच्या फोनवर हेमराज निवास चक्क पहिला दिसला. पेढे आले. वहिनींनीही एक पेढा घेतला, पण भट्टीवाल्याचा नंबर काही पुसला नाही.

हर्षालीने फोनवरच हवा काढली. काका, तुम्ही रोज तेच उघडता म्हणून तुमचा फोन तुम्हाला तेच आधी दाखवतो. माझ्या फोनवर तुम्ही नवव्या पानावर आहात. भाऊंनी पेढ्यांचा रिकामा डबा धुऊन ठेवला आणि वहीत लिहिलं: ‘नाशिक कार्यालयानुसार पान ९.’

१५ फेब्रुवारी उजाडली. भाऊ आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनपुढे बसले. सहा महिने पुरे झाले होते, आता मुदतीचा प्रश्न होता. पान सहा. वाट बघून दुपारी पुन्हा पाहिलं. पान सहा. संध्याकाळी त्यांनी ‘अभिप्राय पाठवा’ या बटणातून गुगलला स्मरणपत्र पाठवलं. आठवड्याने दुसरं. तिसऱ्यात ‘ही बाब गंभीर आहे’ असं होतं. पोच आली नाही. पोच न देणारं कार्यालय भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

आता पाडव्याला महिना उरला होता. वहिनींनी वरच्या खोलीचं माप घेतलं. दार भट्टीपेक्षा चार बोटं मोठं निघालं आणि त्या दिवशी त्यांनी गोड केलं.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती. दर आठवड्याला नवं काहीतरी लिहा, हे हर्षालीचं सांगणं भाऊंनी पाळलं होतं. त्यासाठी त्यांनी वेबसाइटवर ‘आवक’ नावाचं एक पान काढून घेतलं होतं आणि फोनवरून, बाजारातून, कुणाच्या तोंडून जे कळेल त्याची नोंद तिथे करत होते. हे त्यांच्या लेखी कच्चं काम होतं. पक्कं पत्र वेगळं, कच्ची नोंद वेगळी. कच्च्या नोंदीला ‘उपरोक्त’ लागत नाही. म्हणून तिथे भाऊ माणसासारखे लिहीत होते.

जानेवारीच्या शेवटी वहिनींचा भाऊ पुंजा याचा फोन आला होता. पुंजा मोखाड्याच्या बाजूला राहतो. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक मुखवटा आहे, आणि बोहाड्यात तो घालून नाचायचा मान त्यांच्याच घरचा. बोहाडा म्हणजे आमच्याकडचा सोंगांचा उत्सव. रात्रभर देव-राक्षसांची सोंगं निघतात, संबळ वाजतो, सगळं गाव जागतं. पण तो कधी, हे कुठल्या कॅलेंडरात छापलेलं नसतं. प्रत्येक गाव बसून आपापला दिवस धरतं आणि पाहुण्यारावळ्यांना निरोप धाडतं. निरोप पोचला तोच आला.

पुंजा म्हणाला होता, “दाजी, होळीनंतरचा दुसरा शनवार धरलाय आमचे गावात. यायचं हाय. बहिणीला बी आणा.”

भाऊंनी नोंद केली: ‘आवक: पुंजा, फोनने. त्यांच्या गावचा बोहाडा होळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. गाडी शाळेपर्यंत जाते, पुढे दहा मिनिटं चालायचं. अंगावर घ्यायला काहीतरी न्या, पहाटे गार पडतं. सोंगाचा फोटो काढण्याआधी विचारा, तो देव असतो.’ मग इतर गावांचे निरोप आले, तेही लिहिले. एका गावाने दिवस बदलला, तर भाऊंनी जुनी नोंद खोडून कारणासह नवी केली.

होळीच्या आधी आठवडाभर भाऊंचा फोन वाजू लागला. पहिला पुण्याचा. मग ठाणे, नाशिक, कुठली कुठली कॉलेजं. सगळ्यांचा प्रश्न एक: बोहाडा कधी आहे? भाऊ प्रत्येकाला शांतपणे सांगत आणि वहीत नोंदवत. चाळीस फोन झाले तेव्हा हर्षालीचा एकेचाळिसावा आला. ती ओरडतच होती. बोहाड्याची तारीख शोधली की पहिल्या पानावर पहिलं नाव काकांचं येत होतं. तिच्या फोनवरही, तिच्या साहेबांच्या फोनवरही. ही माहिती दुसऱ्या कुणी लिहिलेलीच नव्हती.

मी कुंपणापाशीच होतो. हर्षाली म्हणाली, काका, फक्त एक ओळ टाका त्या नोंदीखाली. ‘राहायची सोय आमच्याकडे आहे.’ बस. पाडव्याच्या आत खोल्या भरतील.

भाऊ म्हणाले, “त्या पानाचा विषय बोहाडा आहे.”

“मग?”

“एका पत्रात एकच विषय.”

तिला वाटलं काका थट्टा करताहेत. मला माहीत होतं की नाही करत. एका पत्रात दोन विषय घातले की ते कुठल्या टेबलावर जाणार, कुठल्या फायलीला लागणार, हरवलं तर कोण शोधणार? एकतीस वर्षं लोकांची अशी पत्रं ‘विषय स्वतंत्र करून पाठवावेत’ म्हणून परत करणारा हा माणूस. मी त्यांना म्हटलं, भाऊ, अहो खोल्या जातील. तेही त्यांना ठाऊक होतं. त्या दिवसांत ते वर जाऊन चादरी झटकायचे, खिडकीतून शिरपामाळकडे बघायचे आणि खाली यायचे. पण ओळ काही टाकली नाही.

बोहाड्याच्या शनिवारी दुपारी दारात एक गाडी थांबली. कल्याणचे एक शिक्षक आणि त्यांची बायको. त्यांनी फोनवरचं पान दाखवत विचारलं, हे लिहिणारे वारघडे तुम्हीच का, कारण पुढे रस्त्याला दोन फाटे दिसताहेत. भाऊंनी कागदावर रस्ता काढून दिला, पुंजाला फोन करून माणसं येताहेत म्हणून सांगितलं. वहिनींनी चहा दिला. बोलता बोलता कळलं, की दोघं रात्रभर बोहाडा बघून पहाटेच गाडी हाकत कल्याणला परतणार होते. वहिनींना ते पटेना. म्हणाल्या, झोपेत गाडी चालवायची नाही, वर खोल्या रिकाम्या आहेत, सकाळी येऊन निजा. ते दोघं रविवारी सकाळी आले, झोपले, जेवले, आणखी एक रात्र राहिले आणि सोमवारी गेले. जाताना भाऊंसोबत अंगणात फोटो काढला.

गाडी वळणाआड जायच्या आत मी अटीच्या कागदाची प्रत घेऊन त्यांच्या ओटीवर हजर. पाडवा गुरुवारी होता. वेबसाइटवरून माणूस आला, येऊन राहिला, तोही मुदतीच्या आत. साक्षीदार म्हणून मी जाहीर केलं, की भाऊ, जिंकलात.

वहिनी तिथेच बसल्या होत्या. तांदूळ निवडत होत्या, हात थांबला. त्यांनीच त्या दोघांना ठेवून घेतलं होतं, आता तोंड कुठल्या तोंडाने उघडणार?

भाऊंनी वही उघडली. चष्मा लावला. शनिवारच्या नोंदीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “नाही. ते बोहाड्याच्या विषयात आले होते.”

“अहो, पण राहिले ना?” मी म्हटलं.

“राहायचं त्यांनी विचारलंच नाही. सोय जयश्रीने तोंडी दिली. निवासाच्या विषयात वेबसाइटवरून आवक शून्य आहे.” आणि त्यांनी तसं लिहिलंसुद्धा. शून्य, त्याभोवती गोल.

मला वाटलं आता वहिनींचा जीव विरघळेल. नवरा डोळ्यांदेखत स्वतःच्या विरुद्ध निकाल देतो म्हणजे काय. दोन क्षण त्यांनी भाऊंकडे असं पाहिलं, की मी नजर निरगुडीकडे वळवली. मग त्या म्हणाल्या, “नक्की ना? नंतर म्हणाल, बायकोने लुबाडलं.”

“नियमात बसत नाही, तर बसत नाही.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या, आणि ताट बाजूला ठेवून भट्टीवाल्याला फोन लावला.

पाडव्याला गुढी उभारली आणि भट्टी वर चढली. जिन्यावर वळणाला ती अडकली, तेव्हा खालून खांदा भाऊंनीच दिला. पलंग आणि गाद्या आमच्या पडवीत आल्या, थोड्या दिवसांसाठी म्हणून.

माझी समजूत होती की गोष्ट इथे संपली. वेबसाइट बंद करा, असं मी सुचवलंही. भाऊ म्हणाले, चालू सेवेत असलेल्याला असं काढता येत नाही. त्यांचं सकाळचं बघणं आणि लिहिणं चालूच राहिलं. एप्रिलमध्ये पान चार. मेमध्ये पान दोन. हर्षाली म्हणते, बोहाड्याच्या नोंदीचं कौतुक चार ठिकाणी लिहून आलं, लोक ती पुन्हा पुन्हा उघडून शेवटपर्यंत वाचू लागले, त्यामुळे सगळ्या वेबसाइटचंच वजन वाढलं आणि त्या नोंदीने खोल्यांचं पानही वर ओढून नेलं. भाऊ म्हणतात, वरचे हलले.

जुलैत, अकराव्या महिन्यात, ‘जव्हार निवासाची सोय’ असं शोधलं की ‘उपरोक्त विषयान्वये’ पहिल्या पानावर पहिलं. नाशिक कार्यालयानेही दुजोरा दिला. धबधब्यांचे दिवस. फोनमागून फोन. खोल्या आहेत का?

वरच्या दोन्ही खोल्यांत नाचणी भाजत होती आणि अर्ध्या जव्हारला तिचा वास येत होता.

भाऊ दोन दिवस फोन हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारत होते. पान खाली काढायला मन होईना, पहिला नंबर कोण सोडतो? आणि ‘उपलब्ध आहेत’ असं जाहीर करून ‘नाहीत’ म्हणायचं त्यांना जमेना. तिसऱ्या दिवशी ते कुंपण ओलांडून आमच्या पडवीत आले, आपल्याच पलंगावर बसले आणि आमच्या बाहेरच्या खोलीकडे टक लावून पाहू लागले. म्हणाले, वेबसाइटवर ‘शिरपामाळ मार्गावर’ एवढंच लिहिलंय, तुमचं घरही त्याच मार्गावर आहे. मी हसलो. हसून होईपर्यंत आतून सुनिता म्हणाली, “भाऊजी, पाठवा. यांना नाहीतरी दिवसभर काय काम असतं?”

काल तिसरं कुटुंब आलं. बाहेरची खोली त्यांची, त्यांच्याबरोबर म्हातारी आजेसासू आहे म्हणून आतलीही त्यांचीच, आणि मी पडवीत. भल्या सकाळी बादल्या उचलतो, चहा देतो, धबधब्याला पाणी आहे का ते सांगतो. वहिनींची बिस्किटं सुनिता बशीत ठेवते आणि जाताना लोक दोन-दोन पुडे घेऊन जातात. भाऊ नऊ वाजता येतात, पाहुण्यांना नमस्कार करतात आणि वही काढतात. आजची नोंद मी त्यांच्या खांद्यावरून वाचली: ‘पाहुणे समाधानी. गरम पाणी उशिरा मिळाल्याची तक्रार. शेजाऱ्यास तोंडी समज दिली.’